पोरगं हाताबाहेर गेलेलं नाही!

मंडळी, मागच्या पॉटलकला "मुलगा रविवारी ऑटोक्रॉसला जातो" असं आम्ही सांगितलं आणि टेबलावर एकदम शांतता पसरली. खरं तर आम्हीही आधी 'मुळीच नाही' म्हणालो होतो. मग एकदा बघायला गेलो.

मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये नारिंगी कोन मांडून वाट आखलेली असते. गाड्या अंतर ठेवून एकेक सुटतात, स्पर्धा घड्याळाशी. फेरी जेमतेम मिनिटभराची. 'स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका' (स्थापना १९४४) च्या नियमांत कोन पाडला की दोन सेकंद दंड. गाडी आधी तपासतात, हेल्मेट सक्तीचं. आणि आपली पाळी नसताना इतरांनी पाडलेले कोन उन्हात उभं राहून उचलायचे. घरात स्वतःचं ताट न उचलणारा आमचा मुलगा हे बिनतक्रार करतो!

ब्रेक जीव खाऊन दाबला की पेडल पायाखाली थरथरतं. ते एबीएसचं काम, पाय काढायचा नाही, हे तो तिथे शिकला. आम्ही कुठे शिकवलं होतं? बर्फ पडलेल्या हायवेवर शिकण्यापेक्षा हे बरं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

टायर लवकर झिजतात, हे खरं. विम्याचे कागदही आधी वाचा. असं नुकसान त्यात बहुधा बसत नाही. पुढची पायरी क्लब रेसिंगची. त्यात गाड्या शेजारी-शेजारी धावतात, लायसन्स वेगळं, खर्चही मोठा. त्याला आमचा अजून नकारच आहे.

कोणाला बघायला यायचं असेल तर रविवारी आमच्याबरोबर चला. टोपी आणि घडीची खुर्ची आणा, सावली अजिबात नसते.