पाटा वाढवला म्हणून गाडीची ताकद वाढत नाही

लोणार : सोयाबीन निघालं की गॅरेजवर एक मागणी ठरलेली असते, "गाडी मागून बसते, एक पाटा वाढवून द्या." पिकअपला जादा पाटा पडतो. ईकोला मागे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहे. तिथं स्प्रिंगच्या वेढ्यांत रबर बसवतात. आता त्यात बाहेरच्या कंपन्यांच्या 'ॲडजस्टेबल' शॉकअपची भर पडली आहे. मोबाईलवर जाहिरात दिसते आणि वाटतं, हे बसवलं की दोन पोती जास्त बसतील. इथंच गल्लत होते.

गाडीचं वजन पेलतो तो पाटा किंवा स्प्रिंग. शॉकअपचं काम वेगळं. खड्ड्यातून गेल्यावर स्प्रिंग वरखाली नाचते, ते नाचणं शॉकअपमधलं तेल थांबवतं. ॲडजस्टेबल शॉकअपची कळ फिरवली तर ते कडक किंवा नरम होतं, पण एक किलोही जादा पेलत नाही. डाव्या-उजव्या बाजूची कळ वेगवेगळ्या आकड्यावर राहिली, तर वळणावर गाडीचा तोल बिघडतो. भाड्याच्या गाडीत दर फेरीला खाली वाकून कळ कोण फिरवणार, हाही प्रश्नच.

पाटा वाढवल्यावर गाडी मागून उचलली जाते, एवढंच. ब्रेक, ॲक्सल, टायर आणि चेसिस तेच राहतात. भरलेली गाडी थांबायला जास्त अंतर घेते. रिकामी असताना मागची चाकं उसळतात, रस्त्यावरची पकड सुटते आणि मागे बसलेल्यांच्या कंबरेला दणके बसतात.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त जाणवतो त्याला माती कारण आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वरचा रस्ता लाटांसारखा होतो. पाणंद रस्त्यावर तर बोलायलाच नको. दुसरीकडे जवळून समृद्धी महामार्ग जातो. हा रस्ता ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून मुंबईच्या दिशेने पूर्ण खुला झाला. सकाळी शेतात आणि दुपारी समृद्धीवर, अशी एकच गाडी दोन्हीकडे पळते. पाणंदीवर हळू चालताना गेलेलं शॉकअप लक्षात येत नाही. महामार्गाच्या वेगात अचानक ब्रेक दाबला की तेच जिवावर बेतू शकतं.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीच्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. अपघातानंतर विमा कंपनीने बदलावर बोट ठेवलं तर दावा अडकतो. जुनं शॉकअप काढून त्याच मापाचं नवीन बसवणं मात्र दुरुस्ती आहे.

मग करायचं काय? आधी आरसीवर किंवा एम-परिवहन ॲपवर रिकाम्या गाडीचं आणि भारासह वजन पाहावं. समजा फरक ५५० किलो आहे. चालकासह सात माणसं प्रत्येकी ६० किलोची धरली तर ४२० किलो झाले. उरले १३०, म्हणजे ६० किलोची दोनच पोती. यापुढचं वजन कोणत्याही शॉकअपने कायदेशीर होत नाही.

त्यानंतर तपासणी. गाडीचा एक कोपरा जोरात दाबून सोडावा. एक-दोन हेलकाव्यांत थांबला तर ठीक, नाचत राहिला तर शॉकअप गेलं. त्यावर तेल ओघळलेलं दिसतं का, टायर ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखा झिजलाय का, बुश फाटलेत का, हेही बघावं. शॉकअप बदलताना डावं-उजवं जोडीनेच बदलावं. मूळ मापाची चांगली जोडी, नवे बुश आणि टायरमध्ये योग्य हवा, एवढ्यात बहुतेक गाड्यांचं दुखणं थांबतं.

तरीही गाडी मागून बसत असेल, तर पाटा वाढवण्याआधी पोती मोजावीत. त्याच गाडीत उद्या सकाळी शाळेची पोरं बसणार असतात.