आधी ऊब, मग वीज

लडाखमधील पुगा खोऱ्यात पाणी साधारण ८४ अंशांवरच उकळते. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने उत्कलनबिंदू खाली येतो, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु पुग्याचे हे पाणी कोणी चुलीवर ठेवलेले नसते. ते भूमीच्या पोटातूनच उकळत वर येते. भोवताली गोठलेले डोंगर, हिवाळ्याच्या रात्री शून्याखाली कितीतरी अंश उतरलेला पारा, आणि मध्येच गंधकाने व टाकणखाराने पांढऱ्या-पिवळ्या झालेल्या जमिनीतून वर उठणारे वाफेचे लोट, असे ते दृश्य आहे. याच पूर्व लडाखमध्ये भारताचा जवान रॉकेलच्या बुखारीपुढे हात शेकत सीमेचे रक्षण करतो. ते रॉकेल हिमवृष्टीने खिंडी बंद होण्यापूर्वी ट्रकांच्या रांगांनी वर चढवून साठवावे लागते. पायाखाली उष्णतेचे भांडार आणि पाठीवर रॉकेलचे पिंप, अशी ही विसंगती गेली अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने देशाचे पहिले राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण अधिसूचित केले, तेव्हा ही विसंगती दूर होण्याची आशा प्रथमच कागदावर उतरली. वीजनिर्मितीबरोबरच वस्त्यांचे तापन, शेती, मत्स्यपालन, शीतगृहे यांसाठी भूगर्भीय उष्णतेचा थेट वापर, जमिनीतील स्थिर तापमानावर चालणारे उष्णता पंप आणि ओसाड पडलेल्या तेलविहिरींचा पुनर्वापर, असा व्यापक पट या धोरणाने मांडला आहे. त्याचे स्वागत केलेच पाहिजे. मात्र स्वागताच्या टाळ्या वाजवून मोकळे होण्याची सवय राष्ट्रकार्य करणाऱ्यांना परवडत नाही. धोरणाची दिशा योग्य असली तरी त्यातील अग्रक्रम कोणता, हा प्रश्न आताच विचारला पाहिजे. वीज आधी की ऊब आधी?

या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. भारतातील उष्णोदकाच्या झऱ्यांची पहिली शास्त्रीय सूची थॉमस ओल्डहॅम या भूवैज्ञानिकाने केली. त्याच्या मृत्यूनंतर १८८२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सुमारे ३०० झऱ्यांची नोंद त्या सूचीत आहे. परकीय राजवटीने नोंद केली, पण उपयोग करण्याचे तिला कारण नव्हते. स्वतंत्र भारताने १९६६ मध्ये उष्ण झऱ्यांविषयी एक समिती नेमली. तिच्या अहवालानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७०च्या दशकात पुगा खोऱ्यात ३४ विंधनविवरे घेतली. त्यांतील सर्वांत खोल विवर ३८५ मीटरांच्या आसपास गेले आणि सुमारे १४० अंशांपर्यंतचे तापमान हाती लागले. एवढेच नव्हे, तर त्या पाण्यावर एक छोटी झोपडी उबदार ठेवण्याचा, अळिंबी वाढविण्याचा, गंधक व टाकणखार शुद्ध करण्याचा प्रयोगही आपल्याच शास्त्रज्ञांनी त्या काळी करून दाखविला. हिमाचलातील मणिकरण येथे याच उष्णतेवर साडेसात टन क्षमतेचे प्रायोगिक शीतगृह चालविण्यात आले. उष्णतेवर शीतगृह चालते, याचे सामान्य वाचकाला आश्चर्य वाटेल. परंतु तंत्र जुनेच आहे आणि ते आपल्या लोकांना अवगत होते.

मग घोडे अडले कोठे? शास्त्रज्ञ कमी पडले नाहीत. अहवाल छापले गेले, कपाटात गेले आणि तेथेच राहिले. आयात तेलावर अनुदान देणे हे दिल्लीतील तत्कालीन राज्यकर्त्यांना सोपे वाटले. याच हिमालयीन उष्णतापट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, तिबेटमध्ये, चीनने काय केले हे पाहिले म्हणजे या दिरंगाईची किंमत ध्यानी येते. ल्हासाच्या वायव्येस असलेल्या यांगबाजिंग येथे १९७७ मध्ये चीनने भूऔष्णिक वीजनिर्मिती सुरू केली आणि पुढे ती सुमारे २५ मेगावॅटपर्यंत नेऊन ल्हासा शहराला पुरविली. पुग्यातील विंधनविवरे आणि यांगबाजिंगचे पहिले जनित्र हे एकाच दशकातले. पट्टा तोच, उंची जवळपास तीच, थंडीही तीच. ज्याने तिबेट गिळंकृत केले त्याच्या हेतूंविषयी येथे बोलण्याचे कारण नाही. त्याने हाती आलेली उष्णता वाया घालविली नाही, एवढे मान्य करण्यात कमीपणा नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये लडाख केंद्रशासित प्रदेश झाला आणि पुगा पुन्हा चर्चेत आला. ६ फेब्रुवारी २०२१ रोजी तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळ, लडाख प्रशासन व लेहची स्वायत्त पर्वतीय विकास परिषद यांच्यात करार झाला. पहिल्या टप्प्यात सुमारे ५०० मीटर खोल विहीर आणि एक मेगावॅट वीज, असे उद्दिष्ट ठरले. करार अभिनंदनीयच होता. परंतु उद्दिष्टाचे एकक पाहावे. मेगावॅट! लडाखच्या थंडीत माणसाला सर्वप्रथम काय हवे, याचे उत्तर दिव्याच्या प्रकाशात मोजले गेले.

येथे थोडे पदार्थविज्ञान समजून घेणे आवश्यक आहे. १४० अंशांच्या आसपासच्या पाण्यापासून वीज करावयाची झाल्यास त्यातील उष्णतेचे शंभरातले दहा-बारा भागच विजेत उतरतात. उरलेली उष्णता वातावरणात जाते. तीच उष्णता नळातून खोलीत फिरविली तर तिचा बहुतांश भाग माणसाच्या उपयोगी पडतो. आधी उष्णतेची वीज करायची, दहातले नऊ भाग गमवायचे आणि त्याच विजेने हीटर पेटवून खोली तापवायची, हा व्यवहार घरातील एखाद्या आजीला सांगितला तर ती कपाळावर हात मारून घेईल. फेब्रुवारी २०१९ मध्ये श्रीनगर-लेह पारेषण वाहिनीचे लोकार्पण झाले आणि लेह राष्ट्रीय वीजजाळ्याशी जोडले गेले. लडाखमध्ये सूर्यप्रकाशही मुबलक आहे. म्हणजे विजेला तेथे पर्याय आहेत. हिवाळ्याच्या मध्यरात्री लागणाऱ्या उबेला मात्र रॉकेल, लाकूड आणि शेण यांच्यापलीकडे फारसे पर्याय नाहीत. तळघरातील साठा आधी त्याच गरजेसाठी काढला पाहिजे.

आइसलँड या चिमुकल्या देशाचे उदाहरण या विषयात सर्रास दिले जाते, परंतु त्यातील नेमका धडा क्वचितच सांगितला जातो. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या रेक्याविक या राजधानीत १९३० मध्ये तीन किलोमीटर लांबीची गरम पाण्याची नळवाहिनी टाकण्यात आली. तिचे पाणी सर्वप्रथम एका शाळेत गेले. नंतर जलतरण तलाव, रुग्णालय आणि सुमारे ६० घरे. वीज नंतर आली. १९७३च्या तेलसंकटापर्यंत त्या देशातील जवळपास निम्मी घरे आयात तेलावरच तापत असत. तेलाच्या किमती भडकल्यावर शासनाने निश्चय केला आणि आज तेथील दहापैकी नऊ घरे भूगर्भीय उष्णतेवर उबदार राहतात. हे घडले ते एका व्यवहारी तरतुदीमुळे. विहीर खोदण्यासाठी सरकारी निधीतून कर्ज मिळे. विहीर कोरडी निघाली तर ते कर्ज अनुदानात परिवर्तित होई. फ्रान्सनेही पॅरिसच्या परिसरातील वस्त्या भूगर्भातील पाण्याने तापविताना असाच हमी निधी उभारला. भूऔष्णिक ऊर्जेत खर्च आणि धोका दोन्ही पहिल्या विहिरीतच असतात. सौर पट्टी बसविणाऱ्याला सूर्य उगवेल की नाही याची चिंता नसते. विहीर खोदणाऱ्याला पोटात पाणी सापडेल की दगड, हे पैसे खर्च केल्यावरच कळते. कोणताही खासगी उद्योजक हा जुगार चांगथांगच्या पठारावर खेळावयास येणार नाही. पहिल्या विहिरीचा धोका राष्ट्राने पत्करला नाही, तर धोरणातील इतर सर्व सवलती कागदावरच राहतील.

पैशाचा प्रश्न निघतो तेव्हा हिशेब पूर्ण मांडावा. सीमेवर पोहोचणाऱ्या रॉकेलची किंमत म्हणजे केवळ पंपावरचा दर नव्हे. त्यात आयातीचे परकीय चलन आहे, खिंडी ओलांडणाऱ्या वाहनांचे इंधन आहे, साठवणूक आहे आणि बंद तंबूतील धुराने जवानांच्या फुप्फुसांवर होणारा परिणामही आहे. भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा संकल्प जाहीर केला. शतक-दीड शतक धूर ओकून श्रीमंत झालेल्या राष्ट्रांनी भारताला उपदेश करावा, हा उद्धटपणा आहेच. परंतु रॉकेलची बचत ही पाश्चात्त्यांना खूश करण्यासाठी करावयाची नाही. ती स्वदेशीचीच गोष्ट आहे. ज्या देशाला आपल्या कच्च्या तेलापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणावे लागते, त्याने सीमेवरची बुखारीही आयात तेलावर पेटती ठेवणे हा संरक्षणाच्या दृष्टीनेही दुबळेपणा होय.

येथे एका अप्रिय घटनेचा उल्लेख टाळता येणार नाही. २०२२ मध्ये पुग्यातील खोदाईच्या वेळी भूगर्भातील द्रव बाहेर येऊन तेथील नाल्यात मिसळला आणि काम थांबवावे लागले. काहींनी ही बाब हातोहात दडपून बोलायची टाळली, तर काहींना त्यात प्रकल्पच गुंडाळण्याचे निमित्त सापडले. दोन्ही वृत्ती चुकीच्या आहेत. पुगा नाला पुढे सिंधूला मिळतो. १९९७ पासून लेह येथे होणाऱ्या सिंधू दर्शन उत्सवाला महाराष्ट्रातून शेकडो कुटुंबे जाऊन आली आहेत. ज्या नदीने या राष्ट्राला नाव दिले तिच्या पाण्यात टाकणखार व अन्य क्षार सोडून कोणी ऊर्जाविकास साधत असेल, तर त्याला विकास म्हणता येत नाही, मग करणारे सरकार आपल्या विचारांचे का असेना. वापरलेले पाणी दुसऱ्या विहिरीतून पुन्हा भूगर्भात सोडण्याचे तंत्र जगात रूढ आहे. ते खर्चिक आहे. पण त्यामुळे खालचा साठाही टिकतो. पुनर्भरणाची विहीर सिद्ध झाल्याशिवाय उत्पादनाची विहीर उघडू नये, अशी अट धोरणाच्या अंमलबजावणीत निःसंदिग्धपणे हवी. निसर्गाचे शोषण नव्हे, दोहन, हा शब्दप्रयोग आपल्या व्यासपीठांवरून वारंवार होतो. गाईचे दूध काढताना वासराचा वाटा राखला जातो. पुग्यात तो वाटा म्हणजे हे पुनर्भरण. शिवाय हा परिसर चांगथांग वन्यजीव अभयारण्याचा, काळ्या मानेच्या क्रौंचाचा आणि याक-मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या चांगपा पशुपालकांचा आहे. त्यांना विश्वासात न घेता केलेले कोणतेही काम सीमेवर टिकणार नाही. सीमेचा पहिला पहारेकरी सैनिक नसून तेथे पिढ्यान्पिढ्या गुरे चारणारा माणूसच असतो.

श्रद्धेचा प्रश्नही आहे. यमुनोत्रीच्या सूर्यकुंडात भाविक कापडात बांधून तांदूळ शिजवितात आणि तोच प्रसाद म्हणून घरी नेतात. मणिकरणच्या गुरुद्वारात लंगरचे अन्न उष्ण झऱ्यावर शिजते. बद्रीनाथला तप्तकुंडात स्नान केल्याशिवाय दर्शन होत नाही. भूगर्भीय उष्णतेच्या थेट वापराची परंपरा या देशात अशी मंदिराच्या पायरीशीच नांदत आली आहे. म्हणूनच तीर्थकुंडांच्या लगत खोदाई करून त्यांचा प्रवाह आटवण्याची जोखीम कोणत्याही मेगावॅटसाठी घेऊ नये. सतलजकाठच्या तत्तापानीचे मूळ झरे कोल धरणाच्या जलाशयात बुडाले, ते एकदा पुरे झाले.

महाराष्ट्राचाही या विषयाशी जवळचा संबंध आहे. वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरीपासून उन्हवरे, आरवली, तुरळ, राजापूरचे उन्हाळे अशी उष्ण झऱ्यांची एक माळच सह्याद्रीच्या पायथ्याशी कोकणात पसरली आहे. कोकणाला घरे तापविण्याची गरज नाही, हे उघड आहे. परंतु पावसाळी हवेत कोकम, काजू, मासळी आणि आंब्याचे साठ वाळविताना शेतकऱ्याची कशी त्रेधा उडते, हे तेथील प्रत्येक घराला माहीत आहे. साठ-सत्तर अंशांचे पाणी त्या कामाला उत्तम. कराडजवळ कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी भारतीय शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल विवर घेऊन दाखविले आहे. म्हणजे दख्खनच्या कातळात खोल जाण्याचा अनुभव राज्यातच उपलब्ध आहे. लोकांच्या स्नानाची कुंडे सोडून, दूर अंतरावर दोन-तीन वाळवणी केंद्रे उभारण्याएवढी इच्छाशक्ती मुंबईने दाखवावी.

तरीही आरंभ लडाखमध्येच व्हावा, कारण थंडी तेथे माणसे मारते. उष्णता फार दूर वाहून नेता येत नाही, ही तिची मर्यादा आहे. त्यामुळे पुगा आणि सिंधूकाठचे चुमाथांग येथील वस्त्या, आरोग्य केंद्रे व सैनिकी ठाणी यांपासूनच नळ टाकावे लागतील. लेहसारख्या शहरासाठी उष्णता पंपांचा मार्ग घ्यावा लागेल. पुग्यात भटक्या पशुपालकांच्या मुलांसाठी एक निवासी शाळा आहे. रेक्याविकने ज्या क्रमाने आरंभ केला, तोच येथेही योग्य ठरेल: पहिला नळ त्या शाळेत. त्याला एक मेगावॅट वीज तयार होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. १९७०च्या दशकात झोपडी उबदार करणाऱ्या तंत्रापेक्षा फार वेगळे काही त्यासाठी लागणार नाही.

मंत्रालय दरवर्षी नवीकरणीय ऊर्जेचा ताळेबंद प्रसिद्ध करते. सौर, पवन, जल, जैव अशा प्रत्येक रकान्यात मेगावॅट मांडलेले असतात. जुलै २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेचा निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाल्याचे जाहीर झाले, ते याच मोजमापातून. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना वाढवावा: भूगर्भातील उष्णतेने किती खोल्या तापल्या आणि किती पिंपे रॉकेल खिंडीच्या अलीकडेच राहिले. पहिल्या वर्षी त्यात शून्य लिहावे लागले तरी चालेल.