शक्यतेच्या भाषेत बोलणारे आकाश

भिलाईच्या हथखोज औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कारखानदाराने मला विचारले, ‘उद्या पावसाची शक्यता 30 टक्के म्हणतात. मग उघड्यावरचा माल आत घ्यायचा की नाही?’ हवामान अंदाजांवरील आपली सार्वजनिक चर्चा नेमक्या याच प्रश्नाला बगल देते.

1961 मध्ये अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी संगणकात 0.506127 ऐवजी 0.506 हा आकडा भरला. दोन्ही गणिते काही काळ जुळली आणि मग पूर्णपणे वेगळ्या वाटांनी गेली. 1963 च्या त्यांच्या शोधनिबंधाने ‘केऑस’ सिद्धान्ताचा पाया घातला. नियम निश्चित असले, तरी आरंभीची नगण्य चूक वाढत जाते. त्यामुळे दैनंदिन हवामानाचा तपशीलवार अंदाज साधारण दोन आठवड्यांपलीकडे जात नाही. स्थानिक ढगांबाबत तर ही मर्यादा काही तासांचीच. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा कुलाब्यात जेमतेम 73 मिलिमीटर झाला.

मात्र अनिश्चितता म्हणजे अज्ञान नव्हे. ज्यूल चार्नी आणि जगदीश शुक्ल यांनी 1981 मध्येच मांडले, की मोसमाच्या सरासरी पावसावर समुद्राच्या तापमानासारख्या संथ घटकांची पकड असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांच्या 2017 च्या अभ्यासानुसार, 1950 ते 2015 या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. ढग कोठे फुटेल हे आधी सांगता येत नाही. धोका वाढला आहे, हे ठामपणे सांगता येते.

म्हणूनच 2018 पासून आपल्याकडेही आरंभस्थिती किंचित बदलून एकच गणित अनेकदा सोडवले जाते. त्यांतील किती उत्तरांत पाऊस येतो, यावरून शक्यता ठरते. त्या कारखानदाराचे उत्तर यातच आहे. माल हलवण्यास 2,000 रुपये लागत असतील आणि भिजल्यास 20,000 रुपयांचे नुकसान होणार असेल, तर 10 टक्क्यांपुढील प्रत्येक शक्यतेला माल हलवणेच शहाणपणाचे.

जिल्हा प्रशासनाने हाच हिशेब पावसाळ्यापूर्वी मांडून ठेवावा : किती शक्यतेला वस्ती हलवायची, किती शक्यतेला काम थांबवायचे आणि त्या दिवसाची मजुरी कोणी द्यायची. इशारा फोल ठरला म्हणून अधिकाऱ्याला दोषी धरणारी व्यवस्था पुढच्या वेळी त्याला गप्प बसायला शिकवते. त्याची किंमत मात्र रोजंदारीवरचा मजूर मोजतो.