सहलीचा कागद आणि आईचे तिकीट

मुरुड, कर्दे, हर्णैच्या किनाऱ्यावर दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत पाहुण्यांची वर्दळ असते. त्यांच्या खोल्या झाडणारे, चादरी धुणारे, मासे साफ करून ताट वाढणारे, होडीतून डॉल्फिन दाखवायला नेणारे हात आपल्यासारख्याच कष्टकरी घरांतले. दुसऱ्यांच्या सुट्टीवर आपली चूल पेटते. मग आपल्या घरच्या सुट्टीचे काय, हा प्रश्न मुलांनी विचारला तर तो उद्धटपणा समजू नये.

सध्या मुलांच्या तोंडी एकच नाव आहे, खोपोलीजवळचे इमॅजिका. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले तेव्हा आजच्या आईबापांनी असाच हट्ट धरला होता. खालापूर तालुक्यात खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका २०१३ साली सुरू झाले. पुढे पाण्याच्या खेळांचे वेगळे उद्यान आणि राहण्याचे मोठे हॉटेलही झाले. ते हॉटेल आपल्या खिशाचे नाही, हे आधीच मान्य करू. पण एका दिवसाची सहल कष्टकरी कुटुंबाला करता येते. अट एकच : आधी कागदावर आखणी, मग तिकीट.

पहिली गोष्ट पैशांची. मोठ्या माणसाचे तिकीट हजार रुपयांच्या वर जाते. शनिवार-रविवार आणि साधा वार यांच्या दरांत फरक असतो, म्हणून चालू दर तारीख ठरवतानाच पाहावा. पाण्याच्या उद्यानाचे तिकीट वेगळे. पहिल्या खेपेला दोन्हींचा मोह नको, एकच निवडावे. तिकीट, प्रवास, जेवण आणि अडीअडचणीसाठी थोडे, असे चार रकाने आखा. समजा बेरीज दहा हजार आली, तर दर आठवड्याला दोनशे रुपये बाजूला टाकल्यास पन्नास आठवड्यांत ती जमते. वर्षभर थांबणे मुलांना जड जाईल, पण डब्यात नोट टाकण्याचे काम त्यांच्याकडेच द्या. बचत गटाचे कर्ज मात्र यासाठी काढू नका. ते आजारपणाला, शाळेच्या फीला, धंद्याला. पाळण्यात एक दिवस बसायचे आणि वर्षभर हप्ते फेडायचे, यात आनंद कुठला?

दुसरी गोष्ट उंचीची. तेथे मुलांचे तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरते. मोठ्या पाळण्यांनाही किमान उंचीची अट असते. नायट्रो हा तिथला सर्वांत गाजलेला पाळणा. त्यात पायाखाली फळी नसते, पाय मोकळे लोंबतात आणि गाडी रुळावरून उलटीपालटी फिरते. उंची कमी असेल तर मुलाला रांगेतून परत पाठवतात, आणि ते त्याच्याच सुरक्षिततेसाठी असते.

मुरुडच्या माणसांना ही परत पाठवणी नवी नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे याच गावात वाढले. सतरा वर्षांचे असताना ते परीक्षेसाठी भर पावसात सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत शंभरावर मैल चालत गेले. वय भरत होते, पण दिसण्यात लहान म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. पाळणा म्हणजे परीक्षा नव्हे, पण लांबून आस धरून आलेल्या मुलाला दारातून मागे फिरणे तेवढेच लागते. म्हणून घरीच अनवाणी उभे करून भिंतीवर खूण करा, टेपने मोजा आणि कोणाला कशात बसता येईल ते आधीच सांगा. घरी कळले तर मूल थोडे रुसेल, तिथे कळले तर सगळा दिवस रडेल. हृदयविकार, पाठीचे दुखणे असलेल्यांनी आणि गरोदर भगिनींनी जोराचे पाळणे टाळावेत.

तिसरी गोष्ट रस्त्याची. दापोलीहून खेड, तेथून हायवेने पोलादपूर, महाड, माणगाव, कोलाड करीत वाकण फाटा गाठावा. वाकणला उजवीकडे वळले की पाली, आणि पुढे खोपोलीचा रस्ता. पनवेलपर्यंत जाण्याचे कारण नाही. पाच-सहा तास धरून चाला. उद्यान सकाळी उशिरा उघडते, तरी पहाटे निघून त्याच रात्री परतणे मुलांना आणि म्हाताऱ्यांना झेपणार नाही. आदल्या रात्री खोपोली-पनवेलकडे नातेवाईक असल्यास त्यांच्याकडे उतरावे, नाहीतर खोपोलीत साधी लॉज पाहावी. मुंबईत मुक्काम असेल तर खोपोलीपर्यंत लोकल जाते.

एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे आणि २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. आजीचे आधार कार्ड विसरू नका. वाडीतली सात-आठ कुटुंबे एकत्र आली तर प्रासंगिक करारावर अख्खी एस.टी. ठरवता येते, खर्च वाटला जातो. अशी स्वतःची गाडी असेल तर महाडला अर्धा तास थांबून मुलांना चवदार तळे दाखवावे. त्याला तिकीट नाही.

वार कोणता? आपल्याकडचा हंगाम आणि तिथली गर्दी एकाच वेळी असते. ख्रिसमस आणि मे महिना आपल्याला कामाचा. त्यापेक्षा जानेवारी-फेब्रुवारीतला मंगळवार-बुधवार बरा. मुलांच्या शाळेत आधी चिठ्ठी द्यावी. शाळा बुडवायची नसेल तर जूनचा पहिला आठवडा आहे, पण तेव्हा पावसाचा भरवसा नाही आणि विजा चमकू लागल्या की उघड्यावरचे पाळणे थांबवतात.

बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. म्हणून भाकरी-चटणी, उकडलेली अंडी गाडीत भरपेट खाऊनच दारात उतरावे आणि परतीचा डबा गाडीत ठेवावा. आत एकदाच जेवण घ्यायचे, हेही कागदावर लिहा. पाण्याच्या उद्यानात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे लागतात. ते तिथे भाड्याने घेण्यापेक्षा दापोलीच्या बाजारात आधी पाहावेत. हरवल्यास भेटायची जागा आत शिरताच ठरवा. लहानग्यांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. इंग्रजी पाटी वाचता आली नाही तर मराठीत विचारा. तिकीट काढून आलेल्याला विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.

आता शेवटची आणि आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आपल्या घरांत सहलीचा हिशेब आवळताना पहिली काट कोणावर बसते? आईवर. "मला कुठे त्या पाळण्यात बसायचंय, तुम्ही जा, मी घर बघते," असे ती म्हणते आणि घरचे ते खरे मानतात. नेलीच तर चपला आणि पिशव्या सांभाळत ती बाकावर बसते.

अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ साली डिस्नेलँड उघडले, त्यामागे असाच एक बाक होता. त्यांच्या मुली गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसत आणि ते स्वतः बाकावर बसून पाहत राहत. आईबाप आणि मुले मिळून मजा करतील अशी जागा का असू नये, हा विचार तिथे आला, असे त्यांनीच सांगितले आहे. जी जागा बाकावरच्या माणसाला उठवण्यासाठी निघाली, तिथे आपण आईला पुन्हा बाकावर बसवू नये.

म्हणून कागदावर पहिले नाव आईचे लिहा. पिशव्या भाड्याच्या लॉकरमध्ये टाका किंवा पाळीपाळीने सांभाळा. बापाने तासभर बाकावर बसावे, थोरल्या मुलाने तासभर बसावे. आजीला जोराचे पाळणे झेपणार नाहीत, पण बसून पाहण्याचे खेळ असतात. ते तिच्यासाठी आधी निवडून ठेवा. सगळ्यांचे जमत नसेल, तर दोघांना पाठवून बाकीच्यांना घरी ठेवण्यापेक्षा सहा महिने आणखी थांबा.

वर्षभर पाहुण्यांच्या चादरी पिळणाऱ्या बाईला एक दिवस तरी कोणी म्हणावे, "आई, तू पुढच्या सीटवर बस." डबा भरायला या आठवड्यापासूनच सुरुवात करा.