शिडी कोणी बांधायची?

मे महिना उतरणीला लागला की पनवेलमध्ये माणसं वर चढू लागतात. जुन्या गावात उरलेल्या वाड्यांची कौलं चाळायची असतात, नेरे-वाजेच्या बाजूला घरांवरचे पत्रे आवळायचे असतात, नवीन पनवेल आणि खांदा कॉलनीतल्या सोसायट्यांना गच्चीवरच्या शेडची आणि पन्हळींची एकदम आठवण होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येणार, त्याआधी सगळं उरकायला हवं. मग नाक्यावरून दोन माणसं आणायची आणि शिडी कुठून तरी मागून आणायची. या घाईत कोणी पडलं तर कारण तयारच असतं: तोल गेला. म्हणजे चूक पडणाऱ्याची. मला हे पटत नाही. शिडीवरून पडणं बरंचसं जमिनीवरच ठरलेलं असतं, आणि जमिनीवर उभा असतो तो काम देणारा.

भिंतीला टेकवलेल्या शिडीची सगळी भिस्त खालच्या जमिनीच्या पकडीवर आणि वरच्या आधारावर असते. माणूस जसजसा वर जातो तसतसा शिडीचा पाय बाहेर ढकलणारा जोर वाढतो. खालच्या पायरीवर उभं राहून दोन हिसके द्यायचे आणि ‘घट्ट आहे’ म्हणायचं, ही आपली परीक्षा म्हणूनच फसवी आहे. तीच शिडी वरच्या टोकाला सुटू शकते. जगभर मान्य असलेलं प्रमाण चारास एक आहे. टेकायची जागा बारा फुटांवर असेल तर पाय भिंतीपासून तीन फुटांवर हवा. छपरावर उतरायचं असेल तर शिडी कडेच्या वर मीटरभर निघायला हवी. आपल्याकडे ती जेमतेम कडेपर्यंत पोचते आणि शेवटच्या पायरीवरून माणूस अंग वर ओढून घेतो. खाली गुळगुळीत टाइल्स असतात, एखादी वळवाची सर पडून गेली असेल तर त्या ओल्याही असतात. बारा फुटांवरून सुटलेला माणूस सेकंदाच्या आत जमिनीवर येतो, ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाने. तेवढ्या वेगात स्कूटर चालवणाऱ्याला आपण हेल्मेट घालायला सांगतो.

‘आमचा माणूस वीस वर्षं चढतोय’ हे यावरचं नेहमीचं उत्तर. अनुभवाची किंमत आहेच. पण कुजलेली पायरी किंवा ठिसूळ झालेला सिमेंटचा पत्रा अनुभव विचारत नाही. अशा पत्र्यावर आडवी फळी टाकून तिच्यावरूनच चालावं लागतं. शिवाय अनुभवी माणूस हवा तेव्हा मिळतो असंही नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि जिल्ह्यातल्या असंख्य घरांची छपरं एका दुपारी उडाली. पावसाळा तोंडावर असताना अशा वेळी ज्याला जमेल तो वर चढणारच. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो जास्त वजनदार आहे: दोन तासांच्या कामाला परांची कोण बांधणार? कोणीच नाही, कबूल. पण शिडीचं वरचं टोक तुळईला किंवा खिडकीच्या गजाला दोराने बांधायला काय लागतं? ते बांधून होईपर्यंत खाली शिडी धरून एक माणूस हवा. तो घरमालक स्वतः असू शकतो, खुर्चीतून उठला तर. विजेच्या तारांजवळ अ‍ॅल्युमिनियमची शिडी नेऊ नये, ओल्या बांबूचीही नाही. तिथे आधी महावितरणला सांगून पुरवठा बंद करून घ्यावा.

राहिला कायदा. भारतीय मानकांमध्ये शिड्यांसाठी १९९१ सालची स्वतंत्र संहिता आहे, आयएस ३६९६ चा दुसरा भाग. ती नाक्यावर कोणी पाहिलेली नाही. १९९६ चा बांधकाम कामगार कायदा केला गेला तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी, आणि दहा लाखांच्या आतलं स्वतःच्या राहत्या घराचं काम त्यातून वगळलेलं होतं. म्हणजे पनवेलमधलं दोन माणसांचं पत्र्याचं काम त्याच्या बाहेरच. उंचीचा धोका आपल्याला कळत नाही असं मात्र नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहीहंडीच्या थरांना २० फुटांची मर्यादा घातली होती. २०२२ मध्ये राज्य सरकारने गोविंदांसाठी विमा जाहीर केला, मृत्यू झाल्यास १० लाखांचा. तो योग्यच होता. पण तेवढ्याच उंचीवर पोटासाठी चढणाऱ्याची विचारपूस करायला आपल्याला सण लागतो की काय? पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यूसाठी संरक्षण २ लाखांचं. वर चढणाऱ्याने तो भरला आहे का, एवढं विचारणं काम देणाऱ्याला जड नाही.

तेव्हा येत्या आठवड्यात कोणी तुमच्या छपरावर चढणार असेल, तर मजुरी ठरवतानाच शिडी कोणती आणि ती बांधणार कोण, हेही ठरवून टाका. आणि मध्येच पाऊस आला तर त्याला खाली बोलवा. गळक्या जागेखाली बादली ठेवून दोन दिवस काढता येतात.