बिनदुधाचे ताट आणि आपले साथी

गेल्या महिन्यातील अभ्यासशिबिरात दुपारच्या पंगतीला कोणी तरी ‘व्हीगन’ हा शब्द उच्चारला आणि सारी पंगत हसली. ‘भरल्या पोटाचे चोचले’ असा निकालही एका ज्येष्ठ साथींनी तेथल्या तेथे देऊन टाकला. गंमत अशी की, त्या घटकेला सर्वांच्या पुढ्यात ज्वारीची भाकरी, पिठले, मिरचीचा ठेचा आणि फोडलेला कांदा होता. दूध, दही, तूप, अंडे, मांस यांपैकी कशाचाही त्या ताटाला स्पर्श नव्हता. ज्या आहाराची टिंगल चालली होती, तोच मंडळी मिटक्या मारीत जेवत होती!

शब्द परका आहे हे कबूल. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन या सुतारकाम शिकविणाऱ्या शिक्षकाने मूठभर सहकाऱ्यांसह तो रूढ केला. पण ‘सोशॅलिझम’ हा शब्द तरी आपल्या शिवारात कोठे उगवला होता? १९९५ साली महाराष्ट्र सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना काढली, तेव्हा त्या ताटाला कोणी हे नाव दिले नाही, एवढेच.

आमच्या परळच्या गल्लीत अलीकडे असे अन्न देणारे एक कॅफे निघाले आहे. पुतणीच्या आग्रहाने मी तेथे गेलो, आणि उपहासाची सारी तयारी करून गेलो, हेही सांगून टाकतो. नाचणीचे घावन, टोफूची भुर्जी आणि शेंगदाण्याच्या दह्यातील कोशिंबीर. जेवण उत्तम होते. भुर्जीत हळद, कांदा आणि हिरवी मिरची अशी बेताने पडली होती की अंड्याची आठवण झाली नाही. तेव्हापासून मी तेथे अधूनमधून जातो. बिल पाहून मात्र प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो.

आक्षेप घ्यायचाच तर तो येथे घ्यावा. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मराठवाडा-विदर्भातील शेतकऱ्याला बाजारात तेवढाही मिळाला नाही. अनेकांनी चार हजारांच्या आसपास माल घातला. म्हणजे किलोला चाळीस रुपये. किलोभर सोयाबीनचा दीड किलोच्या आसपास टोफू होतो. तोच टोफू आमच्या नाक्यावरील दुकानात दोनशे ग्रॅमला शंभर रुपये, म्हणजे दीड किलोचे साडेसातशे. मधले सातशे दहा रुपये कोठे जिरतात? यंत्र, वीज, मजुरी, वाहतूक यांचा वाटा वजा करूनही बरेच उरते. तसेच, ज्या कॅफेच्या पत्रिकेवर प्राण्यांना यातना न देण्याची ग्वाही छापलेली आहे, तेथे ताटे आणून देणारा बीडकडचा मुलगा बारा बारा तास उभा असतो. त्याची दखल त्या पत्रिकेत नाही. परंतु हा दोष मालकीचा आहे, भुर्जीचा नाही. चढ्या भावाने विकली जाते म्हणून वस्तूच त्याज्य ठरवायची, तर कामगाराच्या वाट्याला पुस्तकही यायचे नाही.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. आपल्या देशात अन्नाच्या निवडीत सोवळे शिरायला वेळ लागत नाही. मांस खातो म्हणून मुंबईत घर नाकारले जाते. २०२३ साली मुंबईच्या आय.आय.टी.च्या वसतिगृहात शाकाहाऱ्यांसाठी वेगळी मेजे राखण्यात आली आणि त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला. २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, आणि भाकड जनावराचा बोजा शेतकऱ्याच्या गळ्यात राहिला. व्हीगन विचार याच पंक्तीला जाऊन बसला, तर त्याच्याशी आपले वैर अटळ आहे. दोन म्हशींवर संसार ओढणाऱ्या बाईला क्रूर ठरविण्याचा अधिकार शहरी ग्राहकाला कोणी दिला? आपण खावे, आवडीने खावे. शेजारच्याच्या ताटात डोकावू नये.

आणि गल्लीतले कॅफे ही तरी कोठे नवी गोष्ट आहे! याच गिरणगावात खानावळवाल्या बाया हजारो एकट्या गिरणीकामगारांना जेवू घालीत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापून त्या बायांना संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून देऊन सावकाराच्या पाशातून सोडविले. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, आणि त्यांच्या जमिनींवर आज उपाहारगृहांच्या झगमगत्या रांगा उभ्या आहेत. टोफू करण्याला अवघड विद्या लागत नाही. सोयाबीन भिजवायचे, वाटायचे, उकळून गाळायचे आणि त्या दुधात लिंबू पिळायचे. ज्या बायांनी शेकडोंची जेवणे रांधली, त्यांच्या सहकारी संस्थेला हे साधणार नाही असे कोण म्हणेल?

घरी आम्ही महिनाभर दूधदुभते वर्ज्य करून पाहिले. अंबाडीची भाजी आणि वर लसणाच्या फोडणीचे तेल, दाण्याच्या कुटातील भरली वांगी, हुलग्याचे शेंगोळे, कारळ्याची चटणी, सोलकढी. काहीही उणे वाटले नाही. अडले ते फक्त चहापाशी; गवती चहा चांगला लागतो, पण सकाळी सहाला नव्हे. अडले ते आणखी एका ठिकाणी. शेंगदाणे भिजविणे, वाटणे, गाळणे हे सारे पहिले आठ दिवस पत्नीच्याच अंगावर पडले आणि तत्त्व मात्र माझे होते. तिने ते स्वच्छ शब्दांत सुनावल्यावर पाटा-वरवंटा माझ्याकडे आला.

पुढील शिबिराच्या भोजनाची जबाबदारी मी मागून घेतली आहे. पिठले-भाकरी असेल, टोफूची भुर्जीही असेल, आणि दोन्ही शिजविणाऱ्या बायांना ठरलेली मजुरी जेवणाआधी दिली जाईल. ज्येष्ठ साथींसाठी दुधाच्या चहाची किटली वेगळी ठेवीन; भांडी मात्र पाळीने सर्वांनी घासायची आहेत.