भात निघाले, पुढे काय?

देशाच्या पीकनकाशात खरीप, रब्बी आणि उन्हाळी असे तीन हंगाम दिसतात. ठाणे जिल्ह्यातल्या टोकावडे परिसरात बहुतेकांचा हंगाम एकच, भाताचा. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, टहाळ पसरून राब भाजायचा, पावसाच्या तोंडावर बी पेरायचे, आषाढात चिखलणी करून आवणी उरकायची. वरकस उतारावर नागली, वरी. दिवाळीच्या आसपास कापणी झाली की खाचरातल्या उरल्या ओलीवर वाल किंवा हरभरा. तोही ओल टिकेल तेवढाच. विहिरीला पाणी असलेला भेंडी-काकडी लावतो, बाकीचे कितीतरी जण वीटभट्टीची वाट धरतात. आणि हे माळशेजच्या पायथ्याशी, जिथे पाऊस अक्षरशः कोसळतो! शेजारच्या शहापुरात तर मुंबईची तहान भागवणारी तानसा (१८९२) आणि भातसा ही धरणे, अन् उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर.

याच भागातल्या नियोजित काळू धरणाचा वाद तूर्त बाजूला ठेवू. ओढ्यांचे पाणी वाहते आहे तोवर वनराई बंधारे घाला, जुन्या बंधाऱ्यांतला गाळ काढा आणि वाल-हरभऱ्याचे बियाणे कापणीआधी गावात पोहोचवा. खाचर सुकल्यावर आलेले बियाणे शेतकऱ्याच्या काही कामाचे नाही.